मागची कड

आमच्या लॉरल फोर्क गावातला कुठला माणूस फुटबॉलच्या मैदानावर कसा ओरडतो, ते मला हुबेहूब करून दाखवता येतं. औषधाच्या दुकानातल्या मिसेस लाइव्हली एरवी इतक्या हळू बोलतात की खोकल्याचं औषध मागायला गेलेला माणूस वाकून वाकून काउंटरवर आडवा होतो. शनिवारी त्याच बाई "पाडा त्याला! माती खायला घाला!" असं किंचाळतात आणि लगेच पर्समधून रुमाल काढून ओठ टिपतात. माझी आई आधी ओरडते, मग माफी मागते: "अहो पंच, डोळे घरी विसरलात का? ...सॉरी हं, घरचे बरे आहेत ना?" कोच प्रुइट चर्चमध्ये मोठे मानाचे, त्यामुळे त्यांना शिवी देता येत नाही. ते रागाने लालबुंद झाले की म्हणतात, "अरे माझ्या शिळ्या पावा! चेंडू धरायचा असतो, बरं का? धरायचा!"

एकच आवाज माझ्याकडे नव्हता, तो हॉलिस टॅकेट यांचा. त्यांचं बोलणं होतं, ओरडणं नव्हतं. ते गावात कुणी ऐकलंच नव्हतं. त्यांची बायको ओपल सांगायची, "लग्नात पाद्र्याने विचारलं, ही बायको म्हणून मान्य आहे का? तर याने नुसती मान हलवली. पाद्री म्हणाला, बाबा, ऐकू येईल असं बोल. मी म्हटलं, पुढे चला, याहून जास्त मिळायचं नाही."

मिस्टर हॉलिस आमच्या शाळेची चौदा नंबरची बस चालवतात. वय सदुसष्ट, अंगाने खांबासारखे सरळ, फक्त उजवा गुडघा सरळ नाही. पायरी चढताना तो गुडघा सुकी फांदी मोडावी तसा वाजतो. सकाळी बसचं दार उघडलं की रोज तेच वाक्य: "बसा, बसा. बूड टेकल्याशिवाय चाक फिरत नाही." हे वाक्य मी सहावीपासून म्हणते आहे. एकदा मी मागे उभी राहून ते असं म्हटलं की सगळी बस मुकाट्याने खाली बसली. मिस्टर हॉलिस आरशातून माझ्याकडे बघत होते. मी गार.

"पोपटबाई," ते म्हणाले, "छान आहे. पण मी नाकातून बोलतो. तू घशातून काढतेस. सुधार."

मी सुधारलं.

त्यांच्या रस्त्यावरचं सगळ्यात शेवटचं घर रॅटलिफ लोकांचं, पार दरीच्या टोकाला. तिथला रस्टी रॅटलिफ बारा वर्षं शाळेला गेला आणि बाराही वर्षं त्याला उशीर झाला. मिस्टर हॉलिस त्याच्यासाठी बस थांबवायचे नाहीत. दार उघडं ठेवून माणूस चालतो त्या वेगाने पुढे पुढे न्यायचे आणि अगदी थंडपणे, जेवताना कुणी 'मीठ दे' म्हणावं तसं म्हणायचे, "पळ, रस्टी, पळ." मागून रस्टी एका पायात बूट, एक बूट हातात, तोंडात पाव, असा धावत यायचा. पुढे तो आमच्याच लॉरल फोर्क कॉलेजात गेला आणि तिथल्या संघात चेंडू घेऊन पळणारा गडी झाला. गावात म्हणतात, त्याला पळायला कोच प्रुइटनी नाही, चौदा नंबरने शिकवलं.

तर हे झालं सोमवार ते शुक्रवार. शनिवारी मिस्टर हॉलिस कॉलेजच्या मैदानावर साखळी धरायचे. एकोणतीस वर्षं.

आमचा फुटबॉल हातात चेंडू घेऊन पळायचा. चार खेपांत दहा यार्ड सरकलात तर आणखी चार खेपा मिळतात, नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांचा. ते दहा यार्ड दाखवायला मैदानाच्या कडेला दहा यार्डांची साखळी असते, दोन टोकांना दोन काठ्या. मागची काठी मिस्टर हॉलिस यांच्याकडे. पुढची ज्युनियर मेनार्ड यांच्याकडे. ज्युनियर एकाहत्तर वर्षांचे आहेत. वडिलांचं आणि त्यांचं नाव एकच, म्हणून ते ज्युनियर. वडील जाऊन तीस वर्षं झाली तरी अजून ज्युनियरच. तिसरे बर्ल कँट्रेल, म्हातारे न्हावी. कितवी खेप चालू आहे त्याचा आकडा दाखवणारी काठी त्यांच्या हातात, आणि त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे दर खेपेला "कितवी?" हा प्रश्न गावभर ऐकू येतो.

मी नेहमी साखळीच्या बरोबर मागे, पहिल्या रांगेत बसते. त्या रांगेत कुणी बसत नाही, कारण खेळाडूंच्या पाठी सोडून काही दिसत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. मला तेवढंच हवं असतं.

साखळीतली खरी गोम म्हणजे चिमटा. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरा पट्टा रंगवलेला असतो. साखळी लावली की जवळच्या पट्ट्याच्या मागच्या कडेवर साखळीची जी कडी येईल, तिला चिमटा लावायचा. मग मोजायची वेळ आली आणि साखळी उचलून पार मैदानाच्या मधोमध नेली, तरी फिकीर नाही. तोच पट्टा शोधायचा, चिमटा त्याच्या मागच्या कडेवर टेकवायचा, साखळी होती तिथे परत. पट्टा चार इंच रुंद असतो. म्हणून चिमटा नेहमी मागच्याच कडेला, कधीच पुढच्या नाही. मिस्टर हॉलिस चिमटा लावताना दर वेळी स्वतःशी पुटपुटायचे, "मागची कड." एका सामन्यात पन्नास वेळा. बस चालवायच्या आधी ते वीस वर्षं कोळशाच्या खाणीत मोजणीदाराबरोबर होते, तेव्हाही साखळीच धरायचे. "खाणीत चार इंच चुकले की माणसं मरतात," असं ते एकदा ज्युनियरना म्हणाले होते. "इथे चुकले तर माणसं फक्त जिंकतात. ते जास्त वाईट."

साखळीवाले नारिंगी बंडी घालतात. आणि बंडी अंगात असताना ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, हाताची मूठसुद्धा वळायची नाही. तुम्ही गावचे असाल, पण बंडी कुणाच्याच गावची नसते. या तिघांनी स्वतःपुरता एक दंडही ठेवला होता: बंडीत जो ओरडेल त्याने सोमवारी सकाळी बर्लच्या दुकानात डबाभर पेपरोनीचे, म्हणजे तिखट सॉसेजच्या चकत्या भरलेले पाव आणायचे, घरी भाजलेले. ज्युनियर दर सोमवारी आणायचे. बर्ल अधूनमधून. मिस्टर हॉलिस यांनी एकोणतीस वर्षांत नुसते खाल्ले.

आता आमच्या संघाबद्दल. जुन्या काळी खाणीत कोळशाच्या गाड्या खेचरं ओढायची, म्हणून संघाचं नाव 'खेचरं'. आजूबाजूची कॉलेजं गरुड, लांडगे, अस्वलं, आम्ही खेचरं. गेल्या वर्षाआधीची दोन वर्षं आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो. सलग वीस पराभव. खेचरालाही लाज वाटावी असा आकडा.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी, पहिल्या सामन्याच्या आधी, मिस्टर हॉलिस साखळी उलगडत होते. मी पाय लोंबकळवत बसले होते.

"डिसेंबरात गुडघा बदलतात," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, मैदानात धावणं संपलं. शेवटच्या सामन्यानंतर बंडी ठेवतो."

ज्युनियर एकदम गप्प झाले. ज्युनियर गप्प होणं म्हणजे नदी थांबणं.

"काय म्हणाला?" बर्लनी विचारलं.

"बंडी ठेवतोय म्हणतो!" ज्युनियर ओरडले.

"हं," बर्ल म्हणाले. "मग चिमटा कोण लावणार? हा ज्युनियर? लांडग्याला मेंढ्या राखायला सांगा त्यापेक्षा."

"एक इच्छा होती," मिस्टर हॉलिस साखळीकडे बघतच म्हणाले. "एक जिंकलेला सामना बघून ठेवावी."

"एकच?" ज्युनियर म्हणाले. "मागायचंच आहे तर दोन माग."

"नको. लोभ बरा नाही."

मग तो सामना सुरू झाला आणि आम्ही एकेचाळीस विरुद्ध तीन असे हरलो. आमच्या मैदानावर घोषणा करतात मिस्टर एस्टिल, ज्यांचा गावात अंत्यविधीचा व्यवसाय आहे. शनिवारीही ते तोच आवाज घेऊन येतात. "आणि... खेचरांनी... चेंडू... गमावला आहे." मध्ये इतका वेळ थांबतात की लोकांचे हात आपोआप टोपीकडे जातात.

सप्टेंबरात तीन हरलो. बाहेरगावच्या सामन्यांना साखळीवाले जात नाहीत. तेव्हा मिस्टर हॉलिस अंगणात बस उभी करून तिच्या रेडिओवर सामना ऐकायचे. ओपल खिडकीतून बघायच्या. "रस्टी बारा यार्ड पळाला तरी हा असाच," त्या मला सांगत होत्या, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान ताठ करून त्यांनी करून दाखवलं. नक्कल बरी होती. "सामना हरला की उतरतो, दार लावतो, म्हणतो, ओपल, जवळ आले होते. मी विचारते, किती जवळ? तर म्हणतो, अठ्ठावीस गुणांनी."

ऑक्टोबरात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असतो. मिरवणूक निघते, पुढे खरं खेचर. त्या दिवशी आम्ही एका गुणाने हरलो. शेवटची लाथ रस्टीच्या खोलीतल्या मित्राने मारली, चेंडू दोन खांबांच्या मधून गेला असता तर जिंकलो असतो, तो खांबाला लागला, टण्ण, आणि परत आला. सगळं मैदान त्या टण्णपाशी संपलं. ज्युनियर त्या एका सामन्यात तीनदा ओरडले, तीन डबे लागले. मिस्टर हॉलिस यांनी फक्त चिमटा काढला, बंडीला पुसला आणि खिशात ठेवला. पण ते पुसणं नेहमीपेक्षा बरंच लांबलं.

असे करत नऊ हरलो. राहिला एक. नोव्हेंबरचा मधला शनिवार, आपल्याच मैदानावर, ऑटर क्रीकच्या अस्वलांशी.

त्या दिवशी ओपल पहिल्यांदाच माझ्या रांगेत येऊन बसल्या, मांडीवर चादर, हातात कॉफीचा थर्मास. "इथून काय दिसतं गं?"

"पाठी."

"एकोणतीस वर्षं मी याची पाठच बघितली आहे. जवळून बघू."

आणि काय सांगू, आमची खेचरं त्या दिवशी खेळायला लागली. का, ते कुणालाच कळलं नाही. कोच प्रुइट स्वतःच घाबरल्यासारखे दिसत होते. अर्धा सामना झाला तेव्हा बरोबरी, आणि शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा वीस-सतरा. आम्ही पुढे! चेंडू आमच्याकडे! मिस्टर एस्टिल यांना आनंदाचा सूर माहीतच नव्हता, त्यामुळे ते तेच: "खेचरं... तीन गुणांनी... पुढे... आहेत." माझ्या मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "कोण गेलं?"

हिशेब सोपा होता. आम्हाला दहा-दहा यार्ड मिळत राहिले तर घड्याळच संपणार. चेंडू अस्वलांना मिळाला तर त्यांना एक धाव पुरे.

मग ते घडलं. रस्टीला चेंडू मिळाला, मध्ये सगळे एकमेकांवर पडले, आणि रस्टी त्या ढिगातून बाहेर निसटून आमच्याच कडेने धावत आला. अगदी साखळीसमोरून. तोंडात पाव नव्हता एवढंच, बाकी तीच धाव, तेच हातपाय चार दिशांना. आणि माझ्या पुढ्यात, नारिंगी बंडीतून, एक आवाज आला:

"पळ, रस्टी, पळ!"

मीठ मागितल्यासारखा नाही. खरा. मोठा.

ज्युनियर यांनी मान वळवली. ओपलच्या कपातली कॉफी चादरीवर सांडली. बर्लसुद्धा म्हणाले, "कोण बोललं?" मिस्टर हॉलिस यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता, आणि त्यांचा चेहरा असा, जसं काही बस चालू असताना स्टिअरिंगच निखळून हातात आलं.

रस्टी बारा यार्ड पळाला. नवीन खेपा. साखळी पुढे न्यायची होती. तिघे लंगडत, धापा टाकत पळाले, मिस्टर हॉलिस यांनी काठी टेकवली, खाली वाकले, चिमटा लावला.

"मागची कड" ऐकू आलं नाही. त्या गोंगाटात मलाच ऐकू आलं नसेल, असं मला वाटलं.

"हॉलिस," ज्युनियर पुढच्या काठीवरून हळूच म्हणाले, म्हणजे ज्युनियरच्या मानाने हळू. "माझ्या डब्यात मिरच्या जास्त."

"तो ओरडा नव्हता. बसचं बोलणं होतं."

"बंडीत बस नाही चालत, मित्रा."

पुढच्या तीन खेपांत आमचा गडी दोन यार्ड सरकला, मग चार, मग रस्टीच घुसला आणि ढिगाखालून चेंडू जिथे निघाला, ती जागा दहा यार्डांच्या इतकी जवळ होती की डोळ्यांनी सांगता येईना. पंच हॅस्केलबाई आल्या. त्या पलीकडच्या जिल्ह्यात गणित शिकवतात आणि तशाच दिसतात. त्यांनी हात केला: मोजा.

साखळी मैदानात गेली. हॅस्केलबाईंच्या हातात चिमटा, मिस्टर हॉलिस मागच्या काठीला, ज्युनियर पुढच्या. बाईंनी पट्टा शोधला, चिमटा मागच्या कडेवर टेकवला. ज्युनियरनी साखळी ताणली. सगळं मैदान उभं. मिसेस लाइव्हली रुमाल चावत होत्या.

चेंडू काठीच्या पुढे होता. दोन इंच!

मग जो आवाज झाला तो मला करून दाखवता येणार नाही, कारण माझं तोंड एक आहे. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, आई कुणा अनोळखी माणसाची माफी मागत होती, कोच प्रुइटनी टोपी आकाशात फेकली. वीस आणि नऊ, एकोणतीस पराभव, आणि आता संपले! एकोणतीस वर्षांच्या शेवटच्या दिवशी संपले. मी ओपलकडे बघितलं. ओपल मैदानाकडे बघत होत्या.

"काय झालं त्याला?" त्या म्हणाल्या.

मिस्टर हॉलिस चिमट्याकडे बघत उभे होते. हलत नव्हते. मग त्यांनी टोपी काढली.

"मॅडम," ते हॅस्केलबाईंना म्हणाले. बाकीचे ओरडत होते, पण मी त्यांचे ओठ बघत होते, आणि ते वाक्य पुढे गावाने इतक्यांदा सांगितलं की मला पाठच आहे. "मॅडम, चूक झाली आहे. मी चिमटा पुढच्या कडेला लावला होता."

"पुढच्या?"

"हो, मॅडम."

"म्हणजे साखळी चार इंच मागे आली आहे."

"हो, मॅडम. तुमच्या बाजूने बरोबर आहे. माझ्या बाजूने चूक."

"खात्री आहे?"

"एकोणतीस वर्षं मागच्या कडेला लावतोय. एकदा पुढे लावला तर बोटांना कळतं. डोक्याला आत्ता कळलं."

"मग तेव्हा लक्ष कुठे होतं तुमचं?"

ज्युनियर म्हणाले, "एका पोराला बसमध्ये घेत होते, मॅडम."

ऑटर क्रीकचे कोच धावत आले होते. "थांबा. हा माणूस याच गावचा ना?" त्यांनी विचारलं.

"अंगात बंडी आहे," मिस्टर हॉलिस म्हणाले.

हॅस्केलबाईंनी चिमटा उचलला आणि पट्ट्याच्या पुढच्या कडेवर ठेवला. साखळी चार इंच पुढे सरकली. चेंडू आता काठीच्या मागे, दोन इंच.

मग मिसेस लाइव्हली यांनी रुमाल तोंडातून काढला. "हॉलिस टॅकेट! तुझ्या बसची चारही चाकं पंक्चर होवोत!"

"सहा असतात," बर्ल म्हणाले. हे मात्र त्यांना ऐकू आलं होतं.

मग सगळेच सुटले. "टोपी घाला, डोकं तापलंय!" "घरी जा, ऑटर क्रीकला घर घ्या!" ओपल उठून उभ्या राहिल्या, मागे वळल्या. त्यांच्या आवाजाला बरीच धार आहे. "काय आरडाओरडा लावलाय? माझा नवरा आहे तो! घरीही असाच आहे. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तर जेवणाऱ्या पाहुण्याला उठवून सरळ करतो. मी चव्वेचाळीस वर्षं सहन केलं, तुम्हाला पाच मिनिटं होत नाही?"

कोच प्रुइट मिस्टर हॉलिस यांच्यासमोर येऊन उभे राहिले. तोंड लाल.

"हॉलिस, रविवारी चर्चमध्ये आपण एका बाकावर बसतो, बरं का?"

"हो, कोच."

"उद्या दुसऱ्या बाकावर बसा." आणि दोन पावलं जाऊन परत वळले. "नको. उद्या माझ्याच शेजारी बसा. पण माझ्याशी बोलू नका, बरं का?"

अजून एक खेप शिल्लक होती, चौथी. शहाणा माणूस अशा वेळी चेंडूला लाथ घालून लांब पाठवतो आणि देवावर भरवसा ठेवतो. कोचनी रस्टीला बोलावलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण रस्टीने नंतर सांगितलं: "म्हणाले, दोन इंच हवेत. दोन इंचांना उशीर करू नकोस, बरं का?"

साखळी कडेला परत लागली. मिस्टर हॉलिस वाकले, गुडघा कडाडला, आणि या वेळी मला स्वच्छ ऐकू आलं: "मागची कड. मागची कड. मागची कड." तीनदा. मग ते उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही ओठ आत ओढून दातांखाली धरले, अगदी लहान मूल कडू औषधाच्या वेळी धरतं तसे.

"कितवी?" बर्लनी विचारलं.

"चौथी!" सगळं मैदान म्हणालं.

चेंडू रस्टीच्या हातात गेला. ढीग झाला. ढीग आधी मागे सरकला, मग थांबला, मग मागून आमच्या सगळ्या पोरांनी खांदे लावले, आणि तो ढीग, सगळी पोरं, सगळी अस्वलं, मध्ये कुठेतरी रस्टी, असा खेचरासारखा खाली मान घालून हळूहळू पुढे निघाला. एक यार्ड. दीड. हॅस्केलबाईंनी शिट्टी वाजवली. मोजायची गरजच नव्हती.

ज्युनियर यांनी काठी सोडली नाही, पण ते रडत होते, आणि रडणं दंडात मोडतं की नाही हे नियमात नव्हतं. मिस्टर हॉलिस ओठ दाताखाली धरून, मान ताठ, काठी सरळ. घड्याळ संपेपर्यंत ते तसेच. चाळीस सेकंद. मी मोजले. ओपलही मोजत होत्या, मोठ्याने.

"खेचरं..." मिस्टर एस्टिल म्हणाले, आणि थांबले. आवाज फुटेना. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी मातीत पोचवलं, तेव्हा कधी अडखळले नव्हते. "खेचरं... जिंकली... आहेत."

पोरं मैदानात धावली. मिस्टर हॉलिस यांनी आधी चिमटा काढला, पुसला. साखळी कडी-कडीने गोळा केली, पिशवीत भरली, नाडी बांधली. मग बंडीची एक बाजू सोडली, दुसरी सोडली. डोक्यावरून काढली, घडी केली, घडी नीट बसली नाही म्हणून पुन्हा केली, आणि कठड्यावरून ओपलच्या हातात दिली.

मग ते मैदानाकडे वळले, छातीभर श्वास आत घेतला, आणि ओरडले.

मी इतकी वर्षं त्या आवाजाची वाट बघत होते. मला वाटलं होतं, खोल येईल, खाणीतून आल्यासारखा. कसलं काय! बारीक, उंच, लांबलचक, मध्ये थोडा कापरा: पावसात उतारावर चौदा नंबरचे ब्रेक लागतात ना, तो आवाज. अगदी तोच. मैदानाच्या मधोमध पोरांच्या खांद्यावर बसलेला रस्टी तो ऐकून खाली उडी मारून धावतच निघाला. बारा वर्षांची सवय. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की इथे बस नाही. पण मग थांबला नाही, येऊन त्याने मिस्टर हॉलिस यांना उचललंच.

"गुडघा, रस्टी, गुडघा!" ओपल ओरडत होत्या.

सोमवारी सकाळी बर्लच्या दुकानात निवाडा झाला. बंडी काढून मारलेली आरोळी धरायची नाही, यावर तिघांचं एकमत. पण आधीचं ते 'पळ, रस्टी, पळ'? मिस्टर हॉलिस म्हणत राहिले की ते बसचं बोलणं. ज्युनियर म्हणाले, बसमध्ये मी कधी तुला इतकं लाल झालेलं पाहिलं नाही. बर्ल न्यायाधीश. त्यांनी खुर्ची एकदा गोल फिरवली आणि म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही." म्हणजे सुटका.

तरी त्या दिवशी दुपारी आम्ही बसमध्ये चढलो तर ड्रायव्हरच्या शेजारी मोठा डबा होता, झाकण अर्धं उघडं, पेपरोनीचा वास पार मागच्या सीटपर्यंत. "प्रत्येकी एक," मिस्टर हॉलिस म्हणाले. "बसा, बसा. बूड टेकल्याशिवाय पाव मिळत नाही."

"मिस्टर हॉलिस, बर्लनी तर सोडलं ना तुम्हाला?" मी विचारलं.

"बर्ल बहिरा आहे," ते म्हणाले. "मी नाही."

मुलं माझ्या मागे लागली होती. कर ना, कर ना, शनिवारचं कर. मी पाव गिळला, उभी राहिले, श्वास घेतला आणि ती आरोळी मारली, पहिल्यापासून शेवटच्या कापऱ्यापर्यंत. बस खदखदून हसली. आरशातून दोन डोळे माझ्याकडे लागले होते.

"पोपटबाई," मिस्टर हॉलिस गाडी सुरू करत म्हणाले, "ते नाकातून काढलंस."

"तुम्हीच म्हणाला होतात, नाकातून."

"बोलणं नाकातून," ते म्हणाले. "हे घशातून होतं. सुधार."